पदवीची पुंगळी आणि आईबापाचं घर



राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिला जातो. लढायांचा लिहिला जातो. अलीकडं आपल्या सत्याग्रहांचाही थोडाफार लिहिला जातो. पण कॉलेज संपवून, पदवीची पुंगळी बगलेत मारून, नोकरी न मिळता पुन्हा आईबापाच्या खोलीत येऊन पडलेल्या पोराचा इतिहास कुणी लिहीत नाही. तो इतिहास आहे. चांगला शंभर वर्षांहून जास्त आहे. आणि तो माहीत नसल्यामुळं आपली पोरं स्वतःलाच शिव्या घालत बसतात.

नाशिकरोडकडच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं बसतात. त्यांच्यासमोरून एखादा बी.कॉम. झालेला गेला की मागून शब्द येतो, 'शिकून काय दिवे लावले रं?' म्हातारे वाईट नाहीत. त्यांनी पोटाला चिमटा काढून पोरं शिकवलीत, त्यांना विचारायचा अधिकार आहे. पण हाच प्रश्न दहावीतलं पोरगं ऐकतं आणि म्हणतं, 'दादा पदवी घेऊन घरीच बसलाय. मग मी कशाला शिकू? पाठीवर पेटी बांधतो आन् घरोघर पार्सल टाकतो.' इथं मामला गंभीर होतो. या प्रश्नाचं उत्तर आपल्या शाखेकडं नसेल तर आपल्या घोषणेतला पहिलाच शब्द निकामी होतो. म्हणून हा लेख.

सुरुवात १९१७ पासून करू.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. झाले, पुढं डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, तिथून लंडन गाठलं. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला परत आले. करार असा होता की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायची. ते गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. मोठं पद. पण कचेरीतला शिपाई फाईल हातात देईना, लांबून टेबलावर फेकी. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन घोळका आला आणि त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्राकडं विचारलं, ख्रिस्ती मित्राकडं विचारलं. कुणाच्या घरात जागा निघाली नाही. रात्रीची गाडी पकडून बाबासाहेब मुंबईला परत आले.

परत आले म्हणजे कुठं आले? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या दोन खोल्या. वडील रामजी सुभेदार १९१३ च्या फेब्रुवारीतच वारले होते. पण घर त्यांनीच लावून दिलेलं. रमाई होती, लहानगा यशवंत होता, बाकीचं कुटुंब होतं. त्या काळी या देशात एवढं शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागली असती, आणि त्यातला एक गिरणगावातल्या चाळीत बेकार बसला होता.

बसला होता म्हणायचं, पण बसले नाहीत. दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा कोण हे कळलं तसं गिऱ्हाईक तुटलं. १९१८ मध्ये भारतातल्या शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहून छापला. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. तिथंही पाण्याच्या माठावरून कुरकुर झालीच. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढं साक्ष दिली. १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' काढला. जुलैमध्ये साठवलेला पैसा, मित्राचं कर्ज आणि कोल्हापूरच्या महाराजांची मदत घेऊन अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. पण बडोद्याची गोष्ट आपण फक्त अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. ती बेकारीची गोष्ट म्हणूनही सांगितली पाहिजे. कारण ती नीट पाहिली तर पुढच्या शंभर वर्षांचा सांगाडा तिच्यात दिसतो. पहिलं असं की १९१७ मध्ये नोकऱ्या नव्हत्या म्हणून बाबासाहेब घरी बसले नाहीत. महायुद्ध चालू होतं, मुंबईच्या गिरण्यांची चांदी होती, नोकरी तर हातात होती. राहायला खोली आणि प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून नोकरी गेली. दुसरं असं की सगळ्या शहरानं दार लावलं तेव्हा कामगाराच्या चाळीतलं घर उघडं राहिलं.

आता हे 'घर' म्हणजे काय ते पाहू. कारण घरी परतणं सगळ्यांचं सारखं नसतं.

पांढरपेशा घरातला पोरगा परत येतो तेव्हा त्याची खोली त्याची वाट पाहत असते. बागाईतदाराचा पोरगा परत येतो तेव्हा बाप म्हणतो, 'जाऊ दे नोकरी, द्राक्षाकडं बघ.' निफाड-दिंडोरीकडं हे आपण रोज बघतो. त्याच बागेत छाटणीला आणि डिपिंगला आपली आई जाते. तिचा पदवीधर पोरगा परत आला तर त्याच्यासाठी कुठली खोली आणि कुठली बाग?

त्याच्यासाठी गावानं एक जागा राखून ठेवली होती. येसकराची. महार वतन म्हणजे सरकारी आणि गावकीची रात्रंदिवसाची बिनमोल चाकरी, आणि मोबदल्यात तुकडाभर जमीन व बलुतं. ते वतन बापाकडून पोराकडं येई. म्हणजे आपल्याकडं पिढीजात घरी परतणं ही सक्तीच होती. पोरगा मॅट्रिक होऊन परत आला तरी गावाचं म्हणणं एकच, काठी धर. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या साखळीवर घाव घालण्यासाठी. ती साखळी तुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. कायदेमंडळात पहिला घाव पडल्यापासून तीस वर्षं गेली. 'शहरात जा' हा बाबासाहेबांचा सल्ला या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. गाव सोडणं हीच तेव्हा सुटका होती. मग शहरातून परतणं आपल्या आजा-पणजाला केवढं भयंकर वाटत असेल याचा विचार करा. ती भीती आपल्या घरात अजून आहे. पोरगा बॅग घेऊन दारात उभा राहिला की आईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते नुसतं काळजीचं नसतं, त्यात मागचं सगळं असतं.

नाशिककडं येऊ. नाशिकरोडला इंग्रजांनी १९२५ ला सिक्युरिटी प्रेस उभारला, १९२८ ला नोटांचा छापखाना. देवळालीला लष्कराची छावणी. रेल्वे. गावकीतून सुटू पाहणाऱ्या आपल्या माणसाला इथं मजुरी मिळू लागली. आणि लगेच १९२९ ची जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, कामं आटली. त्याच मंदीच्या काळात, १९३० च्या २ मार्चला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं चालता ठेवला. हजारो माणसं आली. हातात काम नाही, खिशात दाम नाही, अशा काळात ती पंचवटीत आली हे आपण विसरतो. आणि १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्याच वर्षी, १९३५ ला, संयुक्त प्रांतात सर तेजबहादूर सप्रू यांच्या समितीनं सुशिक्षितांच्या बेकारीवर अहवाल दिला. म्हणजे पदवीधर घरी बसण्याचा प्रश्न तेव्हाही सरकारदरबारी पोचला होता. फरक एवढाच की तेव्हा 'पदवीधर' म्हटलं की वरच्या जातीचा माणूस डोळ्यांपुढं येई. आपल्याला तर पदवीधर बेकार होण्याचा मान मिळायलाही अजून वेळ होता. बेकार व्हायला आधी पदवी लागते, आणि पदवीला पैसा लागतो.

तो पैसा आणि त्यापुढची नोकरी यांचं दार बाबासाहेबांनी एकदमच ठोठावलं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. १९४३ ला केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ ला मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद. हा क्रम ध्यानात घ्या. राखीव जागा, शिष्यवृत्ती, कॉलेज. नुसतं 'शिका' असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. शिकल्यावर पोरगा कुठं जाईल याची वाट त्यांनी आधी पाडली आणि मग कॉलेज काढलं. आज जे लोक 'शिक्षण दिलं की बस' म्हणतात त्यांनी हा क्रम पाठ करावा.

ही वाट नाशिकमध्ये कशी अडवली गेली तेही ऐका.

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला आपण बौद्ध झालो. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरलं होतं. (१९५६ ला त्यात शीख घातले.) महाराष्ट्र राज्य १९६० ला झालं आणि राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं दिल्या नाहीत. आता नाशिकचा नकाशा समोर ठेवा. नाशिकरोडचे दोन्ही छापखाने केंद्राचे. देवळालीची छावणी केंद्राची. रेल्वे केंद्राची. ओझरचा विमान कारखाना केंद्राचा. पोस्ट, तार, आयकर, सगळं केंद्राचं. म्हणजे आपल्या वस्तीच्या उंबऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ज्या पक्क्या नोकऱ्या होत्या, त्यांच्या राखीव जागांपुढं दाखल्यावरचा 'बौद्ध' हा शब्द आडवा पडत होता. १९९० ला कायदा दुरुस्त झाला तेव्हा हे संपलं. धर्मांतरापासून चौतीस वर्षं!

या चौतीस वर्षांत घराघरांत काय झालं ते कुठल्या अहवालात सापडणार नाही. पत्र्याच्या पेटीत दोन दाखले असत. एकावर जुनी जात, एकावर बौद्ध. बाप म्हणे, 'दीक्षा घेतली ती काय दाखल्यासाठी सोडू व्हय?' आई म्हणे, 'पोटाचं बघा आधी.' पोरगा मधे. कुणी जुना दाखला लावून कामाला लागला आणि जन्मभर मान खाली घालून भिक्खूंपुढं बसला. कुणी नवा दाखला छातीशी धरून घरीच राहिला. मी दोघांनाही नावं ठेवणार नाही. ज्या सरकारनं माणसाला भाकरी आणि धम्म यांत निवड करायला लावली, नाव ठेवायचं तर त्याला ठेवा.

माझा स्वतःचा काळ यातच येतो. मी औरंगाबादेत शिकलो, आज त्या शहराचं नाव बदललं आहे. १९७२ च्या दुष्काळात शाळेत होतो. गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली पाहिली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात, चाळींत, झोपडपट्टीत राहणारी ही पोरं. शिकलेली, लिहिणारी, आणि पुष्कळशी रिकाम्या हाताची. त्यांच्या रागात खैरलांजीआधीच्या शेकडो खैरलांज्यांचा संताप होता, तसाच सेवायोजन कार्यालयाच्या रांगेचाही होता.

दुसऱ्या बाजूलाही पोरं रिकामीच होती हे विसरू नका. १९७४ ला मराठवाड्यात नोकऱ्यांच्या प्रश्नावर आंदोलन पेटलं, वसमतला गोळीबारात दोन विद्यार्थी मेले. तो राग सरकारवर होता. चारच वर्षांत, १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठ नामांतराचा ठराव केला, आणि तोच राग आपल्या वस्त्यांवर आणून सोडला गेला. घरं जळाली. माणसं मेली. 'यांच्या राखीव जागांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या' असं बेकार पोरांच्या कानात कुणीतरी रोज ओतत होतं. बेकारीचं हे राजकारण समजून घ्या. जागा दहा आणि उभे हजार. नऊशे नव्वद जण घरी जाणारच. पण ते घरी जाताना मालकाकडं आणि मंत्र्याकडं न बघता शेजारच्या वस्तीकडं बघतील अशी तजवीज केली जाते. तेव्हा केली, आजही होते.

१९८२ ला मी बी.ए. होऊन नाशिकला परत आलो. त्याच वर्षी माझा बापही परत आला.

आण्णा मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तिथं कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपलं तोंड विटाळाचं. पगार तिथं जास्त, म्हणून विटाळही तिथंच जास्त. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटलं तरी मिटला नाही, आणि हजारो लोक कोकणात, साताऱ्याला, आमच्यासारखे नाशिक-नगरला घरी परतले. पदवी घेऊन पोरगा परत आणि ट्रंक घेऊन बाप परत. एका खोलीत दोन बेकार. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नसू. आई द्राक्षात जायची. घर तिच्या मजुरीवर चाललं.

सातपूर-अंबडकडं तेव्हा कारखाने जोरात निघत होते. मी अर्ज टाकले. एका कारखान्यात मुलाखत बरी झाली. उठता उठता साहेबानं विचारलं, 'राहता कुठं?' मी वस्तीचं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, 'बरं, कळवू.' ते कळवणं अजून यायचं आहे. जात विचारायची गरजच पडली नाही, पत्त्यानं सांगितली. आईबापाच्या घरी राहण्याचा हा एक वेगळा दंड आपल्याला बसतो. दुसऱ्याचं घर त्याला आधार देतं. आपलं घर आधारही देतं आणि अर्जावर लिहिलं की ओळखही फोडतं.

हा माझा एकट्याचा अनुभव असता तर इथं सांगितला नसता. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५-०६ मध्ये खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिलं. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. अभ्यास २००७ ला प्रसिद्ध झाला. म्हणजे १९१७ च्या सरायीतली लाठी नव्वद वर्षांनी सभ्य झाली होती. ती आता टपालातून मारली जात होती.

आमच्या नाशिकचे बाबूराव बागूल, विहितगावचे. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या पुस्तकातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. नोकरी मिळूनही खोलीपाशी गाडी अडते. बडोदा आणि ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचा. आपल्या पोराचं घरी परतणं नुसतं पगाराशी बांधलेलं नाही, परक्या गावात कोण आपल्याला भाड्यानं खोली देतो याच्याशीही बांधलेलं आहे.

१९९१ नंतरचं तुम्हीच भोगता आहात. नवं आर्थिक धोरण आलं, सरकारी भरती आटत गेली, कायम जागेवर कंत्राट आलं. कंत्राटाला बिंदुनामावली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, बोंब झाली म्हणून ऑक्टोबरात मागं घेतला. त्याच वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्याआधी २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या खोल्या सोडून पोरं घरी आली, काही परत गेलीच नाहीत.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत २०२० च्या जुलैत १८ ते २९ वयाच्या तरुणांपैकी ५२ टक्के आईबापाच्या घरी राहत होते. १९३० च्या महामंदीनंतर एवढं प्रमाण कधी दिसलं नव्हतं. तिथं आईबापाचं घर सोडलं म्हणजे पोरगा मोठा झाला असं धरतात, म्हणून परतणं त्यांना लाजेचं वाटतं. आपल्यात एकत्र राहण्याची लाज नाही. आपली लाज वेगळी आहे. आपल्या पदवीत आईच्या मंगळसूत्राचा मणी आणि थोरल्या बहिणीचं सुटलेलं शिक्षण गुंतलेलं असतं. परतणारा एकटा असतो आणि गुंतवणूक सगळ्या घराची असते.

एक आकडा तुमच्या तोंडावर फेकला जाईल, त्यासाठी तयार राहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात आहे. भारतात २०२२ ला तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. झालं, म्हणतील, बघा, शिकला तो बेकार झाला! यातली मेख ओळखा. अडाणी माणसाला बेकार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते, मिळेल त्या भावात करतो, म्हणून बेकारांत मोजला जात नाही. ३.४ टक्के ही अडाणीपणाची कमाई नाही, ती लाचारीची नोंद आहे. आणि पदवीधर जो थांबतो, वर्ष-दोन वर्षं परीक्षा देतो, अर्ज भरतो, तो कुणाच्या जिवावर थांबतो? आईच्या. द्राक्षातल्या, धुण्याभांड्याच्या, बिगारीच्या मजुरीवर. बागाईतदाराच्या पोराला जमीन थांबू देते. आपल्याला आईचे हात थांबू देतात. म्हणून आपला थांबण्याचा काळ तोकडा असतो, आणि म्हणूनच तो वाया घालवता येत नाही.

आता पोरींचं. पोरगा परतला तर 'बघू पुढं' म्हणतात. पोरगी परतली की आठवड्यात स्थळं यायला लागतात. तिच्या पदवीची पुंगळी लग्नाच्या बायोडाट्याला जोडली जाते. इथं नाशिकच्या खडकाळीतल्या शांताबाई दाणी आठवा. आईनं कष्टानं शिकवलेली ही पोरगी पदवीधर झाली, लग्न न करता शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामात उतरली, नाशिकमध्ये मुलींसाठी वसतिगृह आणि शाळा उभी केली, १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होती. ज्या शहरात जन्मली त्याच शहरात राहून तिनं दुसऱ्यांच्या पोरींना घराबाहेर पडण्याची वाट करून दिली. आपल्या किती शाखांमध्ये आज घरी परतलेल्या पोरींना बोलावणं जातं? सतरंजी अंथरायला नव्हे, निर्णयाला?

तर 'शिकून काय दिवे लावले' याचं उत्तर इतिहास असं देतो. १९१७ ला परतलेल्यानं तीन वर्षांच्या आत 'मूकनायक' काढला. १९७२ च्या रिकाम्या पोरांनी राज्य हादरवलं. शिकलेला आपला माणूस घरी परतला तेव्हा वस्तीला पहिल्यांदा लिहिणारा, अर्ज करणारा, कायदा वाचणारा मिळाला. बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला दुःख बोलून दाखवलं होतं ते नोकरीला चिकटून समाजाला विसरलेल्या शिकल्यासवरल्यांबद्दल. घरी परतलेल्यांवर त्यांचा तो रोख नव्हता.

पण बेकारीला मोठेपणा देऊ नका. भाकरी पाहिजेच. उपाशी कार्यकर्त्याला कुणीही पुढारी विकत घेतो, हे आपण रिपब्लिकन गटांच्या फाटाफुटीत पाहिलंय. म्हणून शाखेनं तीन कामं हातात घ्यावीत असं मी सुचवतो. एक, वस्तीतल्या घरी असलेल्या प्रत्येक पदवीधर पोरा-पोरीची वही करा. नाव, शिक्षण, कुठले अर्ज टाकले, कुठून नकार आला. दहा वस्त्यांच्या दहा वह्या एकत्र आल्या की तो पुरावा होतो. दोन, माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. नाशिकमधल्या एकेका कार्यालयाची बिंदुनामावली मागवा, अनुशेष किती आहे ते काढा आणि फळ्यावर लिहा. हे काम घरी परतलेला पदवीधरच करू शकतो, त्याच्याकडं वेळही आहे आणि वाचताही येतं. तीन, विहारात रात्रीची अभ्यासिका चालवा आणि दहावीतल्या पोराला त्याच दादाच्या शेजारी बसवा, ज्याच्याकडं बघून तो शाळा सोडणार होता.

दादाला लाज वाटेल. वाटू द्या, चार दिवस. पाचव्या दिवशी पोरगं गणित विचारील आणि त्याला उत्तर येत असेल.

आणि आईला मजुरीवरून आल्यावर चहा करून द्या रे. तुमची शिष्यवृत्ती अजून तीच देते आहे.

जयभीम.